कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी ड्रायव्हर तपासा

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने आपल्या घरांमध्ये फॉर्मांचे असतात. प्रवेश, सीईटी, स्कॉलरशिप, उत्पन्नाचा दाखला, सगळे ऑनलाइन. २०२५ मध्ये त्यात वक्फच्या नोंदींची भर पडली. ६ जूनला उमीद पोर्टल सुरू झाले आणि गावोगावचे मुतवल्ली, मस्जिद कमिटीचे सेक्रेटरी जुनी कागदपत्रे स्कॅन करत कॉम्प्युटरसमोर बसले. अशा वेळी अर्धा फॉर्म भरून झालेला असतो, फोटो चढत असतो, आणि एकदम निळा स्क्रीन येतो. मशीन आपोआप रिस्टार्ट होते आणि भरलेले सगळे जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मशीन दुकानात जाते. बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे मिळतात. "फॉरमॅट मारावं लागेल" किंवा "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." कधी कधी ते खरेही असते. पण अनेकदा बिघाड मशीनमध्ये नसून ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये असतो. तो घरी बसून, एक पैसा खर्च न करता दुरुस्त होऊ शकतो. फॉरमॅटमध्ये मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, मदरशाचे हिशेब पुसले जातात, आणि जुनाच ड्रायव्हर परत टाकला तर महिन्याभरात तोच त्रास सुरू होतो. म्हणून हे नीट समजून घेऊ या.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कॉम्प्युटरमध्ये एक विंडोज असते आणि भाग अनेक असतात. स्क्रीन चालवणारी ग्राफिक्स चिप, वायफाय कार्ड, साउंड, प्रिंटर, अंगठा घेणारे मशीन. प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा आणि प्रत्येकाची बोली वेगळी. विंडोजला या सगळ्यांच्या बोली येत नाहीत. मध्ये एक दुभाषी लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. ज्या घरात आजी फक्त उर्दू बोलते आणि तलाठी फक्त मराठी, तिथे शाळेत जाणारा नातू मध्ये उभा राहतो, तसेच हे काम आहे. नातवाने चुकीचे सांगितले तर दोष ना आजीचा ना तलाठ्याचा, पण काम मात्र बिघडते.

आता प्रश्न असा की एका दुभाष्याच्या चुकीने पूर्ण मशीन का कोसळते? ब्राउझर किंवा वर्ड अडकला तर फक्त तेवढेच बंद होते. कारण ते विंडोजच्या बाहेरच्या खोलीत चालतात. बहुतेक ड्रायव्हर मात्र आतल्या खोलीत, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे मेमरीचा सगळा कारभार उघडा असतो. ड्रायव्हरने भलत्याच जागी हात घातला तर विंडोज स्वतःहून सगळे थांबवते, नाहीतर हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होण्याची भीती असते. निळा स्क्रीन म्हणजे विंडोजने मारलेला तो ब्रेक. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हाच स्क्रीन आता काळा केला आहे, त्यामुळे काळा दिसला तरी घाबरू नका, अर्थ तोच.

ड्रायव्हर जुना असला की हे जास्त का होते? विंडोज सतत बदलते. आपण रात्री अपडेट घेतो, सकाळी आतले काही नियम बदललेले असतात. ड्रायव्हर मात्र पाच वर्षांपूर्वीचाच. तो जुन्या नियमाने काम करत राहतो आणि एखाद्या वळणावर दोघांची टक्कर होते. ते वळण रोज येत नाही, म्हणून मशीन कधी तीन दिवस मस्त चालते आणि कधी एका तासात दोनदा पडते.

दोष ड्रायव्हरचा की मशीनचा?

हे ओळखणे सगळ्यात महत्त्वाचे. आधी बघा की मशीन नेमके कसे बंद पडते.

निळा किंवा काळा स्क्रीन न येता दिवा गेल्यासारखे फट्‌कन बंद होत असेल तर संशय ड्रायव्हरवर कमी आणि गरमीवर, पॉवर सप्लायवर किंवा बॅटरीवर जास्त. लॅपटॉपच्या पंख्यात धूळ भरली की असे होते. उन्हाळ्यात, गादीवर ठेवून वापरताना जास्त होते. अशा वेळी ड्रायव्हर बदलून काही मिळणार नाही, पंखा साफ करून घ्या.

स्क्रीनवर संदेश येत असेल तर खाली 'स्टॉप कोड' लिहिलेला असतो. लगेच मोबाइलने फोटो काढा. स्क्रीन फार लवकर जात असेल तर ते थांबवता येते. कंट्रोल पॅनलमधील सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरची खूण काढा. आता स्क्रीन तिथेच थांबेल, आरामात वाचा.

कोणता कोड काय सुचवतो, ते थोडक्यात असे:

– 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल': ड्रायव्हरने मेमरीत चुकीच्या जागी हात घातला. पुष्कळदा वायफाय किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर.
– 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर': ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला आणि पुन्हा उभा राहू शकला नाही. व्हिडिओ किंवा गेम चालू असताना येतो.
– 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर': लॅपटॉप झोपवताना, उठवताना किंवा बंद करताना एखादा ड्रायव्हर वेळेवर जागा झाला नाही.
– 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन': एखादा ड्रायव्हर फार वेळ अडून बसला. पुष्कळदा स्टोरेजचा, म्हणजे डिस्कचा.
– 'व्हीआ अनकरेक्टेबल एरर': इथे मात्र इशारा बहुतेक वेळा मशीनकडेच असतो. प्रोसेसर, गरमी किंवा वीजपुरवठा.
– 'मेमरी मॅनेजमेंट': रॅम आधी तपासा.

एक सोपा नियम लक्षात ठेवा. दर वेळी तोच कोड, तीच फाइल, तेच काम करताना मशीन पडत असेल तर ड्रायव्हर. दर वेळी नवा कोड येत असेल, कधी हे कधी ते, तर रॅम. रॅम तपासायला सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' लिहा, मशीन रिस्टार्ट होऊन स्वतःच तपासणी करते.

गुन्हेगार ड्रायव्हर कसा शोधायचा?

निळ्या स्क्रीनवर कधी कधी 'व्हॉट फेल्ड' असे लिहून पुढे एका फाइलचे नाव येते, ज्याचा शेवट 'डॉट एसवायएस' असा असतो. हेच दुभाष्याचे नाव. नावाची पहिली अक्षरे बरेच काही सांगतात. 'एनव्ही'ने सुरू होणारे बहुधा एनव्हिडियाचे ग्राफिक्स, 'आयजीडी'ने सुरू होणारे इंटेलचे ग्राफिक्स, 'आरटी'ने सुरू होणारे बहुधा रिअलटेकचे वायफाय, नेटवर्क किंवा साउंड. मात्र 'एनटीओएसकर्नल' हे नाव दिसले तर त्याला दोष देऊ नका. ती विंडोजची स्वतःची मुख्य फाइल आहे. चोरी दुसऱ्याने केली आणि नाव घरमालकाचे आले, असा तो प्रकार.

नाव आले नसेल तर सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' लिहा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसांचा एक तक्ता दिसेल. ज्या दिवशी मशीन पडले तिथे लाल फुली असते. आता त्या फुलीच्या एक-दोन दिवस मागे बघा. काय बसवले होते? नवा प्रिंटर, नवे अँटिव्हायरस की विंडोजचा अपडेट? अनेकदा उत्तर इथेच सापडते.

मग स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ज्या भागासमोर पिवळा त्रिकोण असेल त्याचा ड्रायव्हर नाही किंवा बिघडलेला आहे. संशयित भागावर दोनदा क्लिक करून 'ड्रायव्हर' टॅबमध्ये तारीख आणि आवृत्ती लिहून घ्या.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण पुष्कळ जण फसतात. काही ड्रायव्हरांसमोर २१ जून २००६ ही तारीख दिसेल. ते वीस वर्षांपूर्वीचे नाहीत. मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर मुद्दाम ही जुनी तारीख टाकते, म्हणजे मशीनच्या कंपनीचा खास ड्रायव्हर आला तर तो आपोआप वरचढ ठरावा. इंटेलच्या चिपसेटच्या फाइलींवर तर १८ जुलै १९६८ दिसते. ती इंटेल कंपनीच्या स्थापनेची तारीख! तेव्हा फक्त तारीख बघून घाई करू नका.

शेवटची परीक्षा सेफ मोडची. या मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरते, स्वतःचे साधे ड्रायव्हर घेऊन उठते. सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'अॅडव्हान्स्ड स्टार्टअप' समोर 'रिस्टार्ट नाऊ'. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', रिस्टार्ट, आणि आकडा ४ दाबा. इंटरनेटही हवे असेल तर ५. मशीन तासाभरात पडत असेल तर सेफ मोडमध्ये दोन-तीन तास चालू ठेवा. पडले नाही, तर बाहेरून आलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम दोषी असण्याची शक्यता मोठी. तिथेही पडले, तर मशीन तपासून घ्या.

दुरुस्ती कशी करायची?

पहिले काम बॅकअप. महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा. नंतर 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून एक पॉइंट बनवा, म्हणजे बिघडले तर मागे येता येईल. आणि एक गोष्ट विसरू नका. नव्या लॅपटॉपांमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. सेफ मोडमध्ये जाताना ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच कागदावर लिहून ठेवा.

आता क्रमाने:

१. विंडोज अपडेट पूर्ण करा. त्यानंतर 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' उघडा. ड्रायव्हरचे अपडेट इथे लपलेले असतात, पुष्कळांना हे पान माहीतच नसते.

२. तिथे मिळाले नाही तर तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा. डेल असेल तर मागच्या बाजूचा सर्व्हिस टॅग, एचपी किंवा लेनोवो असेल तर सिरियल नंबर टाका. तुमच्याच मॉडेलचे ड्रायव्हर समोर येतील. लॅपटॉपसाठी शक्यतो कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा, कारण कंपन्या चिपमध्ये आपापले बदल करून घेतात. जोडून घेतलेला डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचे मॉडेल बघा. ते 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बेसबोर्ड' या नावाखाली मिळते.

३. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग वायफाय, मग साउंड. प्रत्येकानंतर रिस्टार्ट करा आणि एक-दोन दिवस वापरून बघा. सगळे एकदम बदलले तर कशाने बरे वाटले तेही कळत नाही आणि कशाने बिघडले तेही.

४. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकूनही त्रास राहिला तर जुन्याचे अवशेष आत अडकलेले असू शकतात. डिव्हाइस मॅनेजरमधून तो 'अनइन्स्टॉल' करा, ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीवर खूण करा, रिस्टार्ट करा आणि मग नवा टाका.

५. तरीही नाही, तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासा. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. इंग्रजीत एसएफसी, मग मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून स्कॅननाऊ असे लिहून एंटर दाबा. खराब फाइली सापडल्या तर विंडोज स्वतः बदलते.

स्क्रीन नुसती गोठली असेल, निळी झाली नसेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडा फॉर्म कधी कधी एवढ्यानेच वाचतो.

नवा म्हणजे नेहमी चांगला असे नाही

कधी कधी उलटे होते. मशीन ठीक चालत असते आणि अपडेटनंतर पडू लागते. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर मशीनवर शिल्लक नाही. कंपनीच्या साइटवरून आधीची आवृत्ती घ्यावी लागेल.

मोठ्या कंपन्यांचेही असे होते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल त्यांच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने वाचली आणि जगभरातली मशीन निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. जो मार्ग वर सांगितला तोच.

म्हणून फॉर्मची शेवटची तारीख परवा असेल तर आज कोणताही ड्रायव्हर हलवू नका. विंडोज अपडेट आठवडाभर 'पॉज' करा, फॉर्म भरा, मग दुरुस्तीला बसा.

फुकटच्या 'ड्रायव्हर अपडेटर'पासून लांब

गुगलवर ड्रायव्हर शोधला की सर्वात वर जाहिराती येतात. 'तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत, एका क्लिकमध्ये दुरुस्त करा' अशा थाटाच्या. यातले काही पैसे मागतात, काही चुकीचे ड्रायव्हर टाकतात आणि काही तर व्हायरसच आणतात. ज्या मशीनवर आधार, बँक आणि मुलींचे फोटो आहेत तिथे हा धोका घेऊ नये. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा भाग बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तिसरी जागा नाही.

हाच नियम फुकटात मिळालेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरला. डोंगलवर चालणारे टायपिंगचे प्रोग्रॅम क्रॅक करून दिले जातात तेव्हा त्यासोबत कधी कधी नकली डोंगलचा ड्रायव्हरही आत शिरतो. तो कोणी लिहिला, कोणालाच माहीत नसते आणि तो थेट कर्नलमध्ये बसतो. उर्दू लिहिण्यासाठी आता त्याची गरजही नाही. विंडोजमध्ये उर्दू कीबोर्ड आहे आणि नोटो नस्तालीक हा फॉन्ट मोफत मिळतो.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना

आपल्या मुलांचा पहिला लॅपटॉप बहुतेक वेळा रिफर्बिश्ड असतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण दुकानदार 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणाला की एक प्रश्न विचारा: प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे? इंटेलमध्ये हे नावावरूनच कळते. आय-५ नंतर ६२०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. विंडोज ११ ला अधिकृत पाठिंबा साधारण आठव्या पिढीपासून आहे. त्याआधीच्या मशीनवर पळवाटेने विंडोज ११ बसते, चालतेही, पण त्या मशीनच्या कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर बनवलेलेच नसतात. मग जुने ड्रायव्हर आणि नवी विंडोज हा संसार सुरू होतो, आणि वर सांगितलेले सगळे त्रास तिथूनच निघतात.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, फक्त सुरक्षा अपडेटची सोय ठेवली. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. जुने मशीन फक्त अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेटसाठी असेल तर लिनक्स मिंटचा विचार करा. मोफत आहे आणि जुन्या भागांचे बहुतेक ड्रायव्हर त्यात आधीच असतात. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, आवडले तरच टाका. मात्र अंगठ्याचे मशीन किंवा खास विंडोजचे सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करा.

शाळा, मदरसे आणि कमिट्यांसाठी

ज्या उर्दू शाळेत किंवा मदरशात दहा-बारा कॉम्प्युटरची लॅब आहे तिथे बहुधा एकाच खेपेची, एकाच मॉडेलची मशीन असतात. हा मोठा फायदा आहे. एका मशीनवर शोधलेले उत्तर सगळ्यांना लागू पडते. प्रत्येक मशीनला नंबर द्या आणि एक साधी वही ठेवा. तारीख, मशीन नंबर, स्टॉप कोड, त्या वेळी काय चालू होते, एवढे चारच रकाने. महिन्याभरात वहीच सांगते की बिघाड कुठे आहे. त्या मॉडेलचे नीट चालणारे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा. इंटरनेट बंद असले, वायफायचा ड्रायव्हरच उडाला, तरी काम अडत नाही.

ही वही नववी-दहावीच्या मुला-मुलींच्या हातात द्या. आमचा अनुभव असा की मुली हे काम जास्त नेटाने करतात, नोंद चुकवत नाहीत. पुढे त्याच घरातल्या आणि शेजारच्या मशीनकडे बघतात. एखाद्या खालाजानला कोणी सांगितले की मदरबोर्ड गेला, सहा हजार लागतील, तर तिथे बसलेली एक मुलगी विचारू शकली पाहिजे, "स्टॉप कोड काय आला होता, चाचा?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. तो कोड सांगतो आणि मशीन उघडून दाखवतो. जो रागावतो, त्याच्याकडून मशीन परत आणा.